लुवँ लिहिलं आणि भलत्याच गावात उतरलो

आमच्या फॅमिली ग्रुपवर भाषेचा विषय निघाला की कोणीतरी युरोप काढतंच. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली, मग तिकडं चित्रदुर्गला आपल्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं, दोन्हीकडच्या गाड्या बंद पडल्या, आणि ग्रुपवर नुसता धुरळा. खानापूरचे काका म्हणणार, युरोपात बघा, जर्मनीत राहायचं तर जर्मन यायलाच लागतं, कोण चूं करत नाही. बेंगलोरचा चुलतभाऊ म्हणणार, युरोपात बघा, तिथं बॉर्डरच राहिली नाही, तुम्ही अजून बेळगाव कर्नाटकात गेलं त्या 1956 मध्येच बसलाय. आणि मग दोघंही मला टॅग करणार, कारण मी जर्मनीत आखेनला राहतो, जिथनं बेल्जियम आणि नेदरलँड्स दोन्ही सायकलवर गाठता येतात.

मी सहसा गप्प बसतो, कारण भाषेच्या बॉर्डरबद्दल मला जे काही कळलं ते पुस्तकातनं नाही, एकदा येड्यासारखं चुकल्यामुळं कळलं.

ऑक्टोबर 2019. मी 24 चा, आखेनला मास्टर्स करत होतो, सोबत एक जळगावचा आणि एक संगमनेरचा. बजेट म्हणजे काय, नऊ युरोची बस, दुकानातला सगळ्यात स्वस्त ब्रेड, आणि संगमनेरवाल्याच्या आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. हॉस्टेलचे माणशी तीस युरो वाचावेत म्हणून जळगावकराच्या ओळखीतल्या एकाकडं जमिनीवर झोपायचं ठरलेलं. तो होता लुव्हनला, ब्रुसेल्सपासून ट्रेननं अर्धा तास. बेल्जियममध्ये तेव्हा 26 च्या आतल्या पोरांसाठी गो पास नावाचा कागदी पास मिळायचा, पन्नासेक युरोत दहा प्रवास, आणि तो तिघांनी मिळून वापरला तरी चालायचं. त्यावर दहा ओळी छापलेल्या, प्रत्येक ओळीत कुठून, कुठं आणि तारीख आपणच पेनानं लिहायची. कुठल्याही स्टेशनला जा, दर तोच. फार भारी सिस्टीम, पण लिहिणाऱ्याला आपण कुठं चाललोय हे माहीत पाहिजे.

दिवसभर फोटो काढून तिघांच्या फोनच्या बॅटऱ्या उडाल्या होत्या. ब्रुसेल्स स्टेशनवरचे बोर्ड दोन भाषांत, कधी फ्रेंच दिसतं कधी डच. एका आजीबाईंना विचारलं, लुव्हन? त्या म्हणाल्या लुवँ, वुई वुई, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही कारण लुव्हनचं फ्रेंच नाव लुवँच आहे. पासवर लुवँ लिहिलं. बोर्डावर दिसलं 'लुवँ-ला-नव्ह'. जळगावकर म्हणाला नव्ह म्हणजे नवीन असणार, नवं स्टेशन काढलं असेल. बसलो. कंडक्टर आला, पास बघितला, पंच केला, गेला.

रात्री साडेदहाला उतरलो ते स्टेशन जमिनीखाली, वर आलो तर अख्खं गाव विटांच्या फरशीचं, एक गाडी नाही, सगळी पोरंच पोरं, बिअर, आरडाओरडा. हे गावच मुळात एका भल्यामोठ्या काँक्रीटच्या स्लॅबवर वसवलंय, गाड्या खालनं जातात आणि माणसं वरनं चालतात. ज्याच्याकडं झोपायचं त्याची गल्ली शोधत आम्ही तास-दीड तास फिरलो, नाव दाखवलं की लोक खांदे उडवायचे. शेवटी एक पोरगा म्हणाला, हे गल्लीचं नाव डच आहे, तुम्हाला दुसरं लुवँ पाहिजे, आणि लागला हसायला. हे काय तुम्ही पहिलेच नाही म्हणे.

त्याच्या कोटच्या (पोरं एकत्र राहतात त्या घराला तिथं दोन्ही भाषांत कोटच म्हणतात, एवढं एक मात्र वाटून घेतलेलं नाही) किचनमध्ये आम्ही झोपलो, आणि चटणी-ब्रेड खाता खाता त्यानं सगळी स्टोरी सांगितली. लुव्हनचं विद्यापीठ 1425 सालचं. 1962-63 मध्ये बेल्जियमनं भाषेची सीमा कायद्यानं आखली, लुव्हन पडलं डच बाजूला, पण विद्यापीठात फ्रेंच विभागही होता. डच बोलणाऱ्या पोरांनी आंदोलन केलं, फ्रेंचवाले बाहेर, त्यात 1968 ला सरकार पडलं, आणि विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच तुकड्यासाठी पंचवीस-तीस किलोमीटरवर बिटाच्या शेतांत नवं गाव बांधलं, तेच हे 'नवं लुवँ'. लायब्ररीसुद्धा वाटली, सम नंबरची पुस्तकं एकाकडं आणि विषम दुसऱ्याकडं. जळगावकर खोखो हसत होता, मला काही हसू येईना. मी 1 नोव्हेंबरला बेळगावात मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिवसाच्या फेरीत आजोबांचं बोट धरून चाललेला माणूस, मला पुस्तकं वाटणारे ते दोघं भाऊ लगेच ओळखू आले.

सकाळी ओतिन्यीला गाडी बदलून लुव्हनला निघालो. छोटी लाइन, झाडी, तळी. वाव्र, मग बारकी बारकी स्टेशनं, पेक्रो, आणि पेक्रोच्या पुढचं स्टेशन एकदम डच. पेक्रोला आम्ही ब्रेड खात होतो, ते नाव माझ्या डोक्यात राहायचं काही कारणच नव्हतं. दोनेक वर्षांनी कळलं तिथं काय झालं होतं ते. 27 मार्च 2001 ला एक रिकामी गाडी वाव्रहून लाल सिग्नल तोडून उलट्या ट्रॅकवर निघाली, समोरून लुव्हनकडून प्रवाशांची गाडी येत होती. वाव्रच्या सिग्नलवाल्यानं लुव्हनच्या सिग्नलवाल्याला फोन केला. हा फ्रेंचमध्ये बोलतोय, तो डचमध्ये. एकमेकांचं काय कळलंच नाही. पेक्रोला टक्कर झाली, आठ माणसं गेली.

आणि तरीही, ऐका, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच देशात एका कंडक्टरनं गाडी डच भागात असताना डचबरोबर 'बाँझूर' पण म्हटलं म्हणून एका प्रवाशानं तक्रार केली, आणि भाषा आयोगानं नंतर सांगितलं की नियमानं कंडक्टर चुकलाच. गाडी ब्रुसेल्सच्या हद्दीत शिरल्यावर म्हणाला असता तर चाललं असतं.

काका, हे आहे तुमचं युरोप. आणि बेंगलोरवाल्या भावा, बॉर्डर गेली म्हणतोस ती पासपोर्टची गेली. पण एक आहे, त्या कंडक्टरला कोणी हात लावला नाही, तक्रार कागदावर झाली आणि उत्तरही कागदावर आलं. एवढं जरी आपल्याकडं जमलं तरी मी गावात पेढे वाटीन.

आता माझं मत, पटलं तर बघा. भाषेचा हट्ट शाळेत धरा, ऑफिसच्या कागदात धरा, तिथं तो पाहिजेच. पण जिथं माणूस रस्ता शोधतोय, म्हणजे बसची पाटी, स्टेशन, दवाखाना, सिग्नलची केबिन, तिथं दोन्ही भाषा ठेवल्या तर कोणाचं नाक कापलं जात नाही. आपल्याकडं बरोबर उलटं चाललंय, सगळी मारामारी पाट्यांवर आणि कंडक्टरवर, दुकानाच्या बोर्डावर किती टक्के कुठली अक्षरं यावर, आणि ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यायचे ही जुनी तरतूद आहे, तिचं पुढं काय होतं हे विचारायला फार कमी लोक जातात. माझी आजी सातवी शिकलेली, मराठी पेपर रोज वाचायची, आणि स्टँडवर मात्र अडाण्यासारखी उभी राहायची, कारण पाटी कन्नडमध्ये, आकडेसुद्धा कन्नड. 'बाळा, खानापूरची कुठली रे?' असं ती पोरांना विचारायची. पोरं सांगायची, बहुतेक वेळा कन्नड पोरंच, आणि मराठीतच सांगायची.

याच्या उलट ऑयपेन बघा, बेल्जियमच्या जर्मन बोलणाऱ्या भागातलं गाव, आखेनहून बसनं जाता येतं. 1920 ला हा भाग जर्मनीकडून बेल्जियमकडं गेला, लोकांना मोकळेपणानं विचारून वगैरे नाही, युद्ध हरल्यामुळं. आज तिथं नऊ नगरपालिका, लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आसपास, आणि त्यांची स्वतःची पार्लमेंट आहे, 25 सदस्यांची. शाळा जर्मन, कागद जर्मन. परत जर्मनीत जायचं असं मला तिथं कोणी म्हणताना ऐकू आलं नाही. बेळगाव महाराष्ट्रात यावं असं मला आजही वाटतं, खोटं कशाला बोलू, पण कोर्टात 2004 पासून केस आहे आणि तोवर तिथल्या पोरांनी जगायचं कसं याचं उत्तर मुंबईतनं येत नाही आणि बेंगलोरातनंही नाही, ऑयपेनला ते निदान बघायला तरी मिळतं.

हे सगळं मी परवा ग्रुपवर लिहिलं, पेक्रोसकट. काकांनी गुड मॉर्निंगचा गुलाब टाकला. चुलतभावानं विचारलं, मग लुव्हनला झोपायला जागा मिळाली का शेवटी?

मिळाली. पण तो ओळखीचा आदल्या रात्री आमची वाट बघून स्वयंपाक करून बसला होता, त्यामुळं सकाळी सकाळी आधी शिव्या मिळाल्या, अस्सल खानदेशीत, आणि मग गरम केलेली शेवभाजी.