ओट्याचा दगड आणि आमच्या सोसायटीचा नियम

गेल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघराचा ओटा बदलला. पांढरा क्वार्ट्झ, म्हणजे दगडाचा चुरा राळेत घट्ट करून कारखान्यात बनवलेली फरशी. त्यात सिंकसाठी भोक पाडायला मिस्त्रींनी बाल्कनीत ग्राइंडर चालू केला आणि दोन मिनिटांत समोरची इमारत दिसेनाशी झाली. तोंडाला गमछा, भुवया पांढऱ्याफेक.

"दादा, पाणी लावून का नाही कापत?"

"ताई, पाणी सोडलं की खालचे भांडायला येतात. तुमच्या सोसायटीनंच मनाई केलीय."

खरं होतं. गळती होते म्हणून तो ठराव झाला, तेव्हा मीही हात वर केला होता.

डोळ्यांना दिसते ती धूळ खाली बसते. फुप्फुसात खोल जाते ती दगडातल्या सिलिका या खनिजाची न दिसणारी भुकटी. तिथे वण पडत जातात आणि वणाच्या जागी श्वास चालत नाही. या आजाराचं नाव सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. पुष्कळदा टीबी समजून उपचार होतात, आणि अशा फुप्फुसाला खरा टीबीही लवकर धरतो.

संगमरवरात सिलिका अगदी कमी, ग्रॅनाइटमध्ये साधारण तिसरा हिस्सा. या क्वार्ट्झमध्ये बहुतेकदा ९० टक्क्यांच्या वर! ऐन उमेदीतले दगडकाम करणारे आजारी पडायला लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी गुजरातेत गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या गिरण्यांत जाऊन हाच आजार घेऊन परतले. त्यातल्या २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला सांगितलं. कारखान्यांत सिलिकोसिसची नोंद कायद्याने सक्तीची आहे. पण माझी बाल्कनी कारखाना नाही. आज इथे, उद्या दुसरीकडे काम करणाऱ्या मिस्त्रींची नोंद कोण करणार?

म्हणून ओटा करणार असाल तर मापं देऊन सिंकचं भोक दुकानातच, पाण्याच्या मशीनवर पाडून घ्या. घरी कापायचंच असेल तर पाण्याची सोय असलेला कटर हवा, साध्या ग्राइंडरवर पाणी ओतलं तर शॉक बसेल. गमछ्याने ही भुकटी अडत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ तरी द्या. आणि नंतर कोरडा झाडू मारायला लावू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आमच्याकडे झाडू मारणारा पोरगा जेमतेम अठराचा होता, त्याच्या तोंडाला काहीच नव्हतं.

तो ठराव बदलावा म्हणून मी कमिटीला लेखी दिलंय. पार्किंगच्या कोपऱ्यात, बागेच्या नळाजवळ कापायला जागा द्या, एवढंच मागितलंय. आमच्या सोसायटीतले जे कोणी हे वाचताय, रविवारी मीटिंगला या.