‘आधी बॉडी, मग ताकद’ सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा रात्री भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला, खाली एकच ओळ : ‘मावशी, तू मला चुकीचं शिकवतेयस का गं?’ महिन्याभरापूर्वी त्याला रॉड कसा धरायचा ते मीच दाखवलं होतं, त्यामुळे जरा लागलंच. मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. जिममध्ये नवीन असाल तर पहिले सहा महिने चॅम्पियन लोकांसारखा रोज एकच भाग ‘मारा’, सोमवारी छाती, मंगळवारी पाठ असं. एका भागाला किमान वीस सेट (न थांबता सलग उचलण्याची एक फेरी म्हणजे एक सेट). दुसऱ्या दिवशी दुखलं नाही तर व्यायाम फुकट गेला. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं) यांनी गुडघे आणि कंबर कामातून जाते. आणि एका सेटमध्ये पाचच रेप्स, म्हणजे पाचदाच उचललं, तर नुसती ताकद येते, मसल येत नाही.

दुखण्यापासूनच सुरू करते, कारण पठ्ठ्याने मला विचारायच्या आधीच ‘हातांचा दिवस’ उरकून टाकला होता. बायसेपचे वीस सेट, शेवटचे तर रॉड हलेना तोवर. दुसऱ्या दिवशी दोन्ही कोपरं काटकोनात अडकली. टी-शर्ट काढायला आईला हाक मारावी लागली. तिसऱ्या दिवशी आणखी वाईट, कारण असं दुखणं बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांच्या दरम्यान शिगेला पोचतं. एवढं करून मिळालं काय? नवख्या तरुणांवर दहा आठवडे चाललेला २०१६ चा एक अभ्यास आहे. पहिल्या व्यायामानंतर शरीराने सगळ्यात जास्त प्रोटीन बनवलं, पण तेव्हा मसलची मोडतोडही सगळ्यात जास्त होती आणि ते बहुतेक डागडुजीतच खर्ची पडलं. पुढे मोडतोड कमी झाल्यावरच त्या प्रोटीनचा आणि मसल वाढण्याचा मेळ बसला. म्हणजे हा मेसेज ज्याला कमाईची पावती म्हणतो, ते दुरुस्तीचं बिल आहे.

आणि यात खरा धोकाही आहे. सवय नसलेल्या मसलला एका दिवसात असं पिळून काढलं तर क्वचित तंतू इतके तुटतात की त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर येतं. त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लघवी गडद तपकिरी दिसली तर ‘मस्त पंप आला होता’ (मसल फुगले होते) म्हणून फोटो टाकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. भाच्याला रंग विचारला तर तो लाजला. नेहमीसारखाच होता, सुटलो.

आता पाच रेप्सचं. व्यायामावर संशोधन करणारे ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सरळ ही तुलनाच केली. एका गटाला बॉडीबिल्डिंगच्या धाटणीचे ३ सेट, दहा-दहा रेप्सचे. दुसऱ्याला ताकदीच्या धाटणीचे ७ सेट, तीन-तीन रेप्सचे. एकूण उचललेलं वजन साधारण सारखं ठेवलं. आठ आठवड्यांनी बायसेपची जाडी दोन्हीकडे जवळजवळ तितकीच वाढली, ताकद मात्र जड वजनवाल्यांची जास्त वाढली. हे लोक आधीपासून व्यायाम करणारे होते, हे खरं. पण ‘कमी रेप्सनी मसल येत नाही’ हे वाक्य तिथेच निकालात निघतं. तीन वेळा मिस्टर युनिव्हर्स झालेला बॉडीबिल्डर रेज पार्क तर पाच सेट-पाच रेप्ससाठीच ओळखला जातो. चॅम्पियनसारखंच करायचं तर हाही चॅम्पियनच की.

शोनफेल्डच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फारशी आवडत नाही, तरी सांगते. दहा रेप्सवाल्यांचं काम सुमारे १७ मिनिटांत उरकायचं, तीन रेप्सवाल्यांना ७० च्या आसपास लागायची आणि ते पार थकून जायचे. तेव्हा आठ-दहा रेप्स नवख्याला सोयीच्या, हे कबूल. पहिल्या महिन्यात तीन रेप्सचं जड वजन कुणी उचलायला लावत असेल तर तोही तितकाच चुकतोय.

गुडघ्यांची भीती बरीच जुनी आहे. १९६१ मध्ये संशोधक कार्ल क्लाइन यांनी खोल स्क्वॉटने गुडघ्याचे लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारे पट्टे) सैल होतात असं मांडलं. नंतरच्या तपासण्यांत ते टिकलं नाही, भीती तेवढी उरली. मेसेजमध्ये कुबड्या घेतलेल्या बॉडीबिल्डर रॉनी कोलमनचा फोटो आहे. अरे, तो माणूस ८०० पाउंडांचा स्क्वॉट मारायचा! नवखा २० किलोच्या रिकाम्या रॉडखाली उभा असतो.

राहिला रोज एक भागवाला स्प्लिट. आठवड्याचं एकूण काम सारखं असेल तर ते एका दिवशी केलं काय, वाटून केलं काय, मसलला फार फरक पडत नाही. इथे मेसेज अर्धा बरोबर. पण नवख्याला हालचालच शिकायची असते. आठवड्यातून एकदा म्हणजे सहा महिन्यांत २६ वेळा स्क्वॉट, तीनदा म्हणजे ७८ वेळा. सायकल शिकताना तुम्ही दर सोमवारीच बसायचात का?

भाच्याला जुनाच बेत परत दिलाय : आठवड्यातून तीन दिवस, स्क्वॉट, बेंच (बाकावर आडवं पडून रॉड वर ढकलणं) आणि एक ओढण्याचा व्यायाम, तीन-तीन सेट, सगळे रेप्स नीट झाले तरच पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. शेवटी हवे तर बायसेपचे दोन सेट, हौस म्हणून. उद्या फक्त स्क्वॉट. हात अजून पुरते सरळ होत नाहीत त्याचे, पण स्क्वॉटला ते वाकलेलेच लागतात.