एका बटणासाठी

विश्रामबागच्या खोलीत बसून काम करतोय. साधं एक बटण डावीकडं सरकवायचं होतं. प्रोजेक्ट उघडला तर आत एनपीएमची लॉक फाईल पण, यार्नची पण! दोन्ही तयार कोडच्या लायब्रऱ्या उतरवून घेणारी टूल्स, आणि कुठलं व्हर्जन घ्यायचं ते लॉक फाईलीत लिहिलेलं. अरे, एका घरात दोन चुली कशाला मांडता? दोन्हीत एकाच लायब्ररीची वेगवेगळी व्हर्जन. माझ्याकडं चालतंय, सर्व्हरवर झोपतंय.

मग काय, नोड मॉड्यूल्स, म्हणजे उतरवलेल्या लायब्रऱ्यांचं फोल्डर, उडवा, परत इन्स्टॉल करा. तेवढ्यात सांगलीची लाईट गेली. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भडंगाची पुडी संपली, डाउनलोड संपेना. पीएनपीएम हे तसलंच तिसरं टूल घ्या म्हणून कधीपासून सांगतोय. ते पॅकेज डिस्कवर एकदाच ठेवतं, प्रोजेक्टात नुसत्या हार्ड लिंका, म्हणजे त्याच फाईलीकडं बोट दाखवणारी नावं, जोडतं. पण नाही. टीमचं एकच, "रिलीज झाल्यावर बघू."

बंडलरचं, म्हणजे ब्राउझरसाठी सगळा कोड एकत्र बांधणाऱ्या टूलचं, तर विचारूच नका. २०१२ च्या वेबपॅक नावाच्या बंडलरची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाईल, कशीबशी पाठ केली, तर २०२० ला नवीन आलं. नाव 'वीट'! फ्रेंचमध्ये म्हणे 'झटपट'. तसं ते उठतंही झटपट, डेव्हलपमेंटला सगळा कोड बांधत बसत नाही. पण आमच्यात अर्धे वेबपॅकवर, अर्धे यावर, आणि दोन्हीकडच्या कॉन्फिग सांभाळायला मी. मला खरंच वीट आलाय.

संध्याकाळचे सात वाजले. बटण अजून उजवीकडंच आहे.