"डिमेन्शिया असेल तर मोतीबिंदूचं ऑपरेशन नको" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परवा मावशीचा फोन आला, काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द करू का विचारत होती. का, तर फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय, "स्मृतिभ्रंशाच्या पेशंटचं डोळ्याचं ऑपरेशन कधीही करू नका, सर्वांना पाठवा". खाली मुद्दे, लिहिणाऱ्याचं नाव नाही. मावशी काकांचं सगळं एकटी निभावते, आधीच धास्तावलेली, त्यात हे. खरंच राग आलाय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"भूल दिली की उरलीसुरली स्मृतीही जाते." अहो, मोतीबिंदूला बहुतेक वेळा पूर्ण भूल देतच नाहीत. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकतात, नाहीतर डोळ्याजवळ इंजेक्शन देतात, माणूस जागा असतो आणि एका डोळ्याचं काम बहुधा अर्ध्या तासाच्या आत उरकतं. हां, एवढं मान्य करते की ज्याला स्थिर पडून राहणं जमतच नाही त्याला पूर्ण भूल लागू शकते, आणि डिमेन्शिया असलेल्या वयस्क माणसाचा गोंधळ त्यानंतर वाढू शकतो, कधीकधी बरेच दिवस राहतो. ही भीती खोटी नाही. पण ती भूलतज्ज्ञांसमोर बसून बोलायची गोष्ट आहे, "कधीही करू नका" त्यातून निघत नाही.

आता तो मुद्दा, जो वाचून माझं डोकंच फिरलं. "त्यांना आता काय बघायचंय? वाचत नाहीत, टीव्ही कळत नाही." म्हणजे आठवत नाही म्हणून दिसायचीही गरज नाही? उलट आहे हो. स्मरणशक्ती दगा देते तेव्हा माणूस समोर जे दिसतंय त्याच्या आधारावर दिवस काढतो, बाथरूमचं दार कुठलं, समोरचा चेहरा कोणाचा, ताटात काही आहे की नाही. काका दारातल्या काळ्या पायपुसण्यापाशी थबकतात, पाय उचलून खड्डा ओलांडल्यासारखं करतात, भिंतीला धरतात. सगळे म्हणतात आजार वाढला. आजार असेलही, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असताना काळं पायपुसणं आणि खड्डा यातला फरक तुम्हाआम्हालाही कळणार नाही. पांढऱ्या ताटातलं पांढरं अन्न दिसत नाही म्हणून राहून जातं आणि आपण लिहून टाकतो "भूक मेली". पडून खुब्याचं हाड मोडलं तर त्याचं ऑपरेशन मोतीबिंदूच्या कितीतरी पट जड जाईल, त्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही.

"भास मेंदूमुळे होतात, डोळ्यांचा संबंध नाही." अर्धवट. नजर खूप अधू झाली की डिमेन्शिया नसलेल्यांनाही नसलेली माणसं, आकृत्या दिसू शकतात, त्याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. ऑपरेशननं सगळे भास जातील असं नाही, लुई बॉडी या डिमेन्शियाच्या एका प्रकारात ते आजाराचाच भाग असतात.

"संशोधन सांगतं ऑपरेशननं डिमेन्शिया वाढतो." कुठलं संशोधन? मला माहीत असलेलं नेमकं उलटं सांगतं. डिसेंबर 2021 मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला अभ्यास आला, 65 च्या पुढचे 3,038 लोक, आणि मोतीबिंदू काढलेल्यांमध्ये डिमेन्शिया होण्याचा धोका सुमारे 29 टक्के कमी दिसला. काचबिंदूच्या ऑपरेशननंतर, ज्यानं नजर सुधारत नाही, असा फरक दिसला नाही. पण नीट वाचा, हे लोक सुरुवातीला डिमेन्शिया नसलेले होते आणि हा फक्त निरीक्षणाचा अभ्यास होता, म्हणजे ऑपरेशनमुळेच धोका कमी झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, तेव्हा "ऑपरेशन केलं की स्मृती परत येते" असा उलटा फॉरवर्ड कृपया कोणी सुरू करू नका.

"पूर्ण पिकू द्या." ही जुन्या पद्धतीच्या काळातली गोष्ट. आता जास्त पिकलेला, कडक झालेला मोतीबिंदू काढायलाच अवघड जातो, आणि अति पिकला तर डोळ्यातला दाब वाढून डोळा लाल होऊ शकतो, ठणकू शकतो. ठणकतंय हे काकांना सांगता येईल का? शिवाय मोतीबिंदू पिकेपर्यंत डिमेन्शियाही थांबून राहत नाही. आज ते "हलू नका" म्हटलं की ऐकतात, पुढे ऐकतीलच असं नाही.

थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो हेही लिहिलंय. असे सिद्ध झालेले थेंब नाहीत, विषय संपला.

आणि जे खरंच ठरवायला हवं ते फॉरवर्डमध्ये नाहीच. नंतर काही आठवडे थेंब कोण घालणार, रात्री डोळ्यावरचं कव्हर ते काढून टाकतील तेव्हा काय, डोळा चोळला तर? डॉक्टरांना विचारा, ऑपरेशनच्या वेळीच डोळ्यात औषध सोडून नंतरचे थेंब कमी करता येतील का, दोन्ही डोळे एकदम करणं बरं की वेगवेगळे, ऑपरेशनच्या वेळी ओळखीचं माणूस हात धरून बसू शकेल का. काकांनाही विचारा, त्यांना कळेल अशा शब्दांत. आजार अगदी शेवटच्या टप्प्यात असेल, माणूस अंथरुणाला खिळलेला असेल आणि डोळ्याचा त्रास नसेल, तर ऑपरेशन न करणं हाही योग्य निर्णय असू शकतो, पण तो डॉक्टरांनी डोळे आणि माणूस दोन्ही बघून घ्यायचा. काका अजून चालतात, अंगणात बसतात, मावशीकडे बघून हसतात. तारीख रद्द करू नकोस असं मी मावशीला सांगितलंय.