"फुकटात शिकलात" म्हणणाऱ्या वाचकास

आमच्या नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, माजी विद्यार्थी मेळाव्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची कमेंट वाचली. मेळावे म्हणजे फेटे, सत्कार आणि तेच ते ग्रुप फोटो, स्टेजवर अधिकारी-डॉक्टर झालेलेच चढतात, सिनिअर्सनी दिलेला त्रास आम्ही गोड आठवणी म्हणून सांगतो, असं तुम्ही म्हणता, आणि शेवटी "फुकटात जेवलात, फुकटात शिकलात म्हणून नवोदयचे गोडवे गाता." फोटो जरा जास्त झाले, मान्य. पण हे शेवटचं वाक्य ज्या सुरात लिहिलंय तो मला अजिबात आवडला नाही. टीका करा ना, कोण अडवतंय, पण नाव न टाकता असं हिणवायचं? समोर बसून बोलला असता का असं?

आता फुकटाचं ऐका. माझे वडील सालगडी होते. पाचवीला झेडपीच्या शाळेत गुरुजींनीच फॉर्म भरून घेतला, परीक्षा दिली, जिल्ह्यातून ऐंशी पोरं घेतात त्यात माझा नंबर लागला. ट्रंक घ्यायला पैसे नव्हते, मामाने त्याची जुनी दिली. तिथे गेल्यावर युनिफॉर्म, पुस्तकं, ब्लँकेट, साबण, खोबरेल तेल सगळं मिळालं, टूथपेस्ट तर मी आयुष्यात पहिल्यांदा तिथेच वापरली, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. 1986 च्या शैक्षणिक धोरणात या शाळा आल्या त्याच खेड्यातल्या पोरांसाठी, किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. सुरुवातीच्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यात निघाली, दुसरी हरियाणात झज्जरला. आणि आता सगळ्यांना फुकटही नाही बरं का, नववीपासून महिन्याला 600 रुपये विकास निधी घेतात, मुली, एससी-एसटी आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं सोडून. निदान एवढं तरी बघून लिहायचं होतं.

मायग्रेशन काय असतं माहितीये का तुम्हाला? नववीतली 30 टक्के पोरं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवतात. मी उत्तर प्रदेशात गेलो. चौदा वर्षांचं पोरगं, हिंदी मोडकीतोडकी, तिथली जानेवारीची थंडी अशी की सकाळच्या पीटीला बोटं वळायची नाहीत. घरी पोस्टकार्ड टाकायचो, आईला वाचता येत नव्हतं म्हणून शेजारची ताई वाचून दाखवायची, मग मी रडलेलं त्यात लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. तिकडून आमच्याकडे आलेला एक पोरगा दोन महिन्यांत "काय बे" म्हणायला लागला होता. आमच्या बॅचला 25 वर्षं झाली तेव्हा तो रात्रभर रेल्वेने आला, अरवली हाऊसच्या (हाऊस म्हणजे शाळेतल्या पोरांचा गट) त्याच डॉर्मिटरीत आमच्यासोबत झोपला, सकाळी ताट घेऊन मेसच्या लाइनीत उभा राहिला. कोण काय झालंय हे नंतर, आधी बॅच आणि हाऊस विचारतात आमच्याकडे. याला तुम्ही जेवणाची परतफेड म्हणता?

आणि मेळाव्यात नुसते फेटे नसतात हो. दुपारचं सत्र अकरावी-बारावीच्या पोरांसोबत असतं, कुठला फॉर्म कधी निघतो, स्कॉलरशिपला कोणती कागदपत्रं लागतात, पुण्यात होस्टेल नाही मिळालं तर कुणाकडे राहायचं, हे सगळं तिथेच ठरतं. मला बारावीनंतर एका सिनिअरने स्वतःच्या रूमवर सहा महिने ठेवून घेतलं होतं, एक रुपया न घेता. म्हणून आज माझ्याकडेही दरवर्षी कुणीतरी ज्युनिअर येऊन राहतो आणि बायकोने कधी तोंड वाकडं केलेलं नाही.

स्टेजवर मोठ्या लोकांचा मुद्दा मला पटत नाही, आमच्या बॅचचा टेम्पो चालवणारा मित्रही येतो, त्याला कुणी खाली बसवलेलं मी तरी बघितलं नाही. सिनिअर्सचं म्हणाल तर होस्टेल म्हटलं की थोडंफार चालायचंच, तो विषय इथे नको.

तुम्ही स्वतः नवोदयचे आहात की नाही हेही तुम्ही लिहिलेलं नाही. असाल तर बॅच सांगा, फोनवर बोलू, भांडू. नसाल तर माझ्या बापाच्या परिस्थितीवरून मला फुकट्या म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? कमेंट मी डिलीट करणार नाही, राहू दे तशीच. शनिवारी दहावीच्या पोरांचा ऑनलाइन गणिताचा तास घेतो मी, त्याची तयारी राहिलीय, बाकीच्या मुद्द्यांना वेळ नाही.