‘कोर्ट मूल आईलाच देतं’ हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर तो मेसेज परत फिरतोय. नवरा-बायको वेगळे झाले की कोर्ट मूल आईलाच देतं, बापाने फक्त पैसे भरायचे, पैसे थकले की भेट बंद, मूल ९ वर्षांचं झालं की कोणाकडे राहायचं ते स्वतः ठरवतं, आणि एकदा ऑर्डर झाली की विषय संपला. मी फॅमिली कोर्टात वकिली करते, लोक हाच मेसेज दाखवत येतात आणि त्याच्या भरवशावर घरी भलतंच काही करूनही बसलेले असतात, म्हणून लिहितेय.

आईलाच मिळतं हे अर्धं खरं. हिंदूंसाठीच्या १९५६च्या पालकत्व कायद्यात कलम ६ सांगतं की ५ वर्षं पूर्ण न झालेलं मूल साधारणपणे आईजवळ असावं, आणि २०१५मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की आई लायक नाही असं म्हणणं असेल तर ते बापाने सिद्ध करावं. पण ५च्या पुढे अशी सोय आईलाही नाही. मग मुलाचं हित बघतात, म्हणजे शाळेत कोण सोडतं, आजारपणात कोण जागतं, घरी आजी-आजोबा आहेत का, शाळा बदलावी लागेल का, अगदी घरातल्या गोष्टी. ‘पगार जास्त त्याला मूल’ हेही खोटंच, आईची कमाई कमी असेल तर मुलाचा खर्च बापाकडून मागता येतो. आणि कमावत्या आईचीही जबाबदारी आहेच, हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० आई-बाप दोघांनाही बांधतं.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते पैसे आणि भेटीचं. अहो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! मेंटेनन्स, म्हणजे खर्चाचे ठरलेले पैसे, थकला तर वसुलीची अर्जी लावा, भेट अडवली जात असेल तर ऑर्डरची अंमलबजावणी मागा, पण ‘पैसे नाहीत तर पोरगी दाखवणार नाही’ किंवा ‘दाखवत नाही तर पैसे नाही’ हे आपल्या मनाने सुरू केलं की पुढच्या पेशीला तेच तुमच्या विरुद्ध जातं. २०२०मध्ये तर सुप्रीम कोर्टाने भेटीसोबत फोन आणि व्हिडिओ कॉलवर बोलण्याचा हक्कही मानलाय.

९ वर्षांचा आकडा कायद्यात कुठेच नाही. १८९०च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याचं, म्हणजे पालकत्वाच्या जुन्या कायद्याचं, कलम १७ एवढंच म्हणतं की मूल समजून सांगू शकत असेल तर त्याचं म्हणणं कोर्ट विचारात घेऊ शकतं. निर्णय जजचाच, आणि पाठ करून आणलेलं पोर जजला दोन मिनिटांत कळतं बरं का.

ऑर्डर कायमची नसते, परिस्थिती बदलली की बदलून मागता येते, घटस्फोटाच्या केसमध्ये हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ त्यासाठीच आहे. पण रातोरात मूल पुण्याला माहेरी नेऊन तिथे केस लावली की जमलं असं समजू नका, पालकत्वाची केस मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात चालते, आणि इंदूरला शाळेत जाणारं मूल चार दिवसांत पुण्याचं होत नाही.

तडजोड होत असेल तर भेटीचा वार, वेळ, जागा, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या, सोडायला-आणायला कोण येणार, सगळं ऑर्डरमध्ये लिहून घ्या. ‘आपसात ठरवू’ एवढंच लिहिलेल्या ऑर्डरवाले महिन्याभरात परत माझ्यासमोर बसलेले असतात.