घाणेरी निर्मूलनाचे शासनमान्य मार्ग

अभिनंदन! टेकडीवरची परदेशी झुडपं काढून देशी वनराई उभी करण्याचं काम तुमच्या टेबलावर आलंय असं कळलं. घाबरू नका. झाडांतलं काही कळत नसेल तर उत्तमच. कळत असेल तर आधी विसरा, नाहीतर निविदेच्या अटी वाचताना उगाच पोटात दुखेल. मी गेली चार वर्षं दर रविवारी पुण्यातल्या आमच्या टेकडीवर पाण्याचे कॅन वाहतो. यंदा जूनच्या तोंडावर तुमच्यासारख्याच एका खात्याचं काम अगदी जवळून पाहण्याचं भाग्य लाभलं. तेवढ्या अधिकारावर हे चार शब्द.

पहिलं म्हणजे मूळ काढू नका. घाणेरी, म्हणजे लँटाना, जमिनीपासून वीतभर वर कापा. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत सांगून ठेवली आहे. खोड आणि मूळ जिथं जुळतं, त्याच्या खाली कुदळीनं तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून टाकायचं, म्हणजे ते पुन्हा फुटत नाही. मग मोकळ्या जागी देशी गवत आणायचं आणि बुलबुलांच्या विष्ठेतून पडलेलं बी कुठं रुजतंय यावर दोन-तीन वर्षं नजर ठेवायची. कॉर्बेटच्या जंगलात त्यांनी हे करूनही दाखवलं. तुम्ही अजिबात करू नका. कुदळ चालवायला माणसं लागतात, नजर ठेवायलाही माणसं लागतात, आणि मुख्य म्हणजे झुडूप खरंच मेलं तर पुढच्या वर्षी निविदा कशाची काढणार? १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेलं हे झुडूप दोनशे वर्षं टिकून आहे. तुम्ही कशाला त्याच्या वाइटावर येता?

टेकडीसारखंच नदीचं. जलपर्णी मार्चमध्ये काढून नदीकाठालाच ठेवावी, म्हणजे जुलैत ती आपली आपण परत जाते.

ती ज्यावर पोसते ते नदीत येणारं सांडपाणी? त्याचा इथं काय संबंध!

आता मजुरी. ती गुंठ्यावर ठरवा. झाड ओळखणाऱ्याला जास्त पैसे, असला वेडेपणा करू नका. पर्यावरण दिन ५ जूनला असतो, कापायला चार दिवस मिळतात, आणि तेवढ्यात ब्रश कटर, म्हणजे झुडपं कापायचं मशीन, घेतलेल्या पोरानं देशी कुडा कुठला आणि घाणेरी कुठली हे बघत बसायचं का? जूनच्या तोंडाशी टेकडीवरचं निम्मं काही काटक्याच असतं. आमच्याकडे असंच झालं. रविवारी सकाळी साडेसहाला दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढत होतो, तर वरून मशीनचा आवाज. मला वाटलं, कुणीतरी स्कूटर वर आणली. वर जाऊन बघतो तर आमचा उतार न्हाव्यानं डोकं भादरावं तसा साफ.

तिथं आमची एक्केचाळीस झाडं होती. मेडशिंगी, सालई, गणेर, धावडा, दोन पांगारे. याच डोंगरांत पडलेलं बी वेचून, घराच्या गच्चीत दुधाच्या पिशव्यांत वाढवलेली. मेडशिंगी फार हळू वाढते. चार वर्षांत कमरेला लागली होती. प्रत्येकाला आळं, आळ्याला दगडांची कड, आणि गवत कापणाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून घरातल्या जुन्या लाल साडीची एकेक चिंधी बांधलेली. म्हणजे अशा दिवसाची तयारी आम्ही करून ठेवली होती!

मशीन बंद करून तो पोरगा पुढं आला. वीस-बावीसचा असेल. मी चिंध्यांबद्दल विचारलं. म्हणाला, ''काका, नवसाच्या असतील म्हणून सोडून ठेवल्यात. देवाचं कशाला कापायचं?'' आणि त्यानं मला एका सपाट दगडापाशी नेलं. तिथं सगळ्या चिंध्या एकावर एक नीट घडी करून ठेवलेल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर एक गोटा. शेजारी मेडशिंगीचं अंगठ्याएवढं खोड, तिरकं कापलेलं, अजून ओलं.

त्याच्यावर काय चिडणार? चिंधी ओळखायला त्याला घरी शिकवलं होतं. मेडशिंगी ओळखायला कुणी शिकवायचं होतं? ज्याचा तो पगार घेतो त्यानं ना?

असो. उपदेशाकडे वळतो. कुणी तक्रार घेऊन आलंच तर त्याला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवा. हद्द दुसऱ्याची आहे म्हणून सांगा. मला तिसऱ्या खिडकीवर फार सुंदर उत्तर मिळालं. ''तुमच्या झाडांची नोंद नाही, त्यामुळे ती तिथं होती असं म्हणता येत नाही.'' मी मोबाइलमधले फोटो दाखवले. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितले आणि ''छान आहेत'' म्हणाले. याच शहरात आमच्या सोसायटीनं वाळलेली सुबाभूळ काढायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली अर्ज केला होता. आठ महिने फेऱ्या मारल्या. पाहणी झाली, नोटीस चिकटली, हरकती मागवल्या. मेक्सिकोच्या मेलेल्या झाडासाठी एवढा सोहळा, आणि इथल्या जिवंत मेडशिंगीला ब्रश कटर.

झाडं कापून झाली की देशी लागवड. इथं हात आखडू नका. आकडा कोटीत असावा. २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४, २०१८ ला १३, २०१९ ला ३३. या राज्याला आकड्यांची सवय आहे. पुढं २०२१ मध्ये त्याच्या चौकशीला विधिमंडळाची समिती नेमावी लागली, पण ते तुमच्या बदलीनंतरचं प्रकरण.

रोपं निवडताना नाव बघा. नाव मराठी असलं की झाड देशी. आमच्याकडे ५ जूनला पाहुण्यांच्या हस्ते जे रोप लावलं ते काशीद. किती घरगुती नाव! आजोळच आठवतं. ते आग्नेय आशियातून आलेलं आहे हे सांगायला मी पुढं झालो, तेवढ्यात फोटोग्राफरनं मला फ्रेमच्या बाहेर व्हायला सांगितलं. बाकीचे खड्डे वड-पिंपळांचे. खाली एक फूट माती, मग मुरूम, मग कातळ. पावसाचा पत्ता नव्हता, म्हणून टँकर आणला होता. भाषणं संपेपर्यंत तो थांबला. मागं फलक, 'देशी वृक्ष लागवड', आणि फलकाच्या मागं उतारभर परदेशी गिरिपुष्प. कारण ती झाडं मोठी, ती मशीननं कापत नाहीत. तीही सरकारी लागवडच. गुरं तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी जगते, म्हणून पूर्वी हौसेनं लावली. आता त्यांच्या सावलीत धड गवत उगवत नाही.

गवत! तो शब्द चुकूनही उच्चारू नका. आपल्या टेकड्यांचं मूळ वैभव म्हणजे कुसळी, पवन्या, मारवेल आणि मधून मधून विरळ झाडं. बारामती तालुक्यातल्या सुप्याकडच्या माळावर चिंकारा आणि लांडगा याच गवतावर तगून आहेत. पण फायलीत गवताळ म्हणजे ओसाड, आणि ओसाड दिसलं की खड्डा खणायचा.

मोकळ्या झालेल्या उतारावर कॉसमॉस, हेही परदेशीच फूल, उगवला की 'सह्याद्रीत फुलांचा गालिचा' म्हणून रील टाकायला विसरू नका.

गाजरगवतासाठी वेगळं काही करावं लागत नाही. १६ ते २२ ऑगस्टला देशभर जागृती सप्ताह असतोच. १९५५-५६ च्या सुमारास आपल्या पुण्यातच या गवताची पहिली नोंद झाली. सत्तर वर्षांत जागृती भरपूर झाली आहे, विशेषतः गवताची.

आता जरा सरळ बोलतो. हसून बोलायचं ठरवलं होतं, पण काल पुन्हा वर गेलो होतो. दोन महिने झाले. घाणेरी गुडघ्याच्या वर आली आहे, पूर्वीपेक्षा दाट, कारण एका खोडाला आता पाच-सहा फुटवे आहेत. मधल्या जागेत गाजरगवत. वड-पिंपळांतले निम्मे वाळलेत. तुम्ही लोकांचे पैसे घालून ती टेकडी होती त्याहून वाईट करून ठेवलीत, आणि त्याला पुनरुज्जीवन म्हणता. लाज वाटत नाही का? तामिळनाडूनं २०२२ मध्ये आक्रमक वनस्पतींबद्दल स्वतंत्र धोरण केलं. गुजरातनं २०२३ मध्ये कोनोकार्पस हे परदेशी झाड लावायला बंदी घातली. तुमच्याकडे काय आहे, रंगवलेला फलक? एक झाडं ओळखणारा माणूस मशीनसोबत चार दिवस उभा करा, एवढंच मागत होतो. फुकट आलो असतो. फोन नंबर तीन अर्जांवर लिहिलाय.

मेडशिंगीच्या अकरापैकी चार खोडांना पालवी आली आहे. चिंध्या पुन्हा बांधल्यात. कुठं कुठं ते विचारायला या, दाखवतो.

आणि येताना पिशवी आणा. ते काशीद उपटून न्यायचंय.